डाव्या बाजूचं दार

आमच्या आयटीआयमध्ये आवाज सगळ्यात मोठा मोटार मेकॅनिक ट्रेडचा, म्हणजे माझा, आणि दरारा सगळ्यात मोठा शिवणकामाच्या साळवे मॅडमचा. मी ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायचो आणि माझी पोरं बॉनेटखाली डोकी घालून खुशाल गप्पा मारायची. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला मॅडम एकच शब्द म्हणायच्या, तोही हळू. "उसव." तेवढ्यावर अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा आणि जिला म्हटलं ती पोरगी केलेली शिलाई निमूट उसवायला घ्यायची.

मॅडम ठेंगण्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कानामागे खडू आणि गळ्यात इंचटेप. ही टेप कामावरून घरी जाताना काढायची असते, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. बाजारात, बँकेत, लग्नात, ती गळ्यात असायचीच. एकदा भाजीवाल्यानं थट्टेनं विचारलं, "बाई, दोडका मोजून घेता काय?" तर त्यांनी खरंच मोजला आणि लहान निघाला म्हणून परत ठेवला. बोलताना त्या समोरच्याच्या तोंडाकडे कमी आणि शिलाईकडे जास्त बघत. "सर, डावा खांदा अर्धा इंच उतरलाय. कुणी शिवलाय हो?" रोज हे ऐकून मी शेवटी तयार शर्ट घ्यायला लागलो. निदान दोष दूरच्या कुणावर तरी जायचा. स्टाफची सहल कपिलधारला गेली तेव्हा आम्ही सगळे माना वर करून धबधबा बघत होतो आणि मॅडम बघत होत्या पुढं उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईची पाठ. "ब्लाऊजचा टक चुकलाय बिचारीचा," त्या हळहळल्या.

आमच्या एका प्राचार्यांचा निरोप समारंभ होता. साहेबांच्या कोटाची शिलाई मागून सुटलेली आणि भाषण अगदी रंगात आलेलं. मॅडम उठून व्यासपीठावर चढल्या. सगळ्यांना वाटलं, हार घालायला निघाल्या. त्या साहेबांच्या मागं उभ्या राहिल्या, चार टाके घातले, दोरा दातानं तोडला आणि खाली येऊन बसल्या. साहेब तिकडं सांगत होते, "या संस्थेनं मला सावरलं..." सभागृह हसून लोटपोट झालं. साहेबांना वाटलं, आपला विनोद लागू पडला.

त्यांचं शास्त्र दोन ओळींचं होतं. आधी कच्चा टाका, मग पक्की शिलाई. चुकलं तर उसवायचं आणि पुन्हा शिवायचं. एखादी पोरगी रडायला लागली की म्हणायच्या, "रडतीस कावून? कापड माफ करतंय. माणसंच करत न्हाईत."

आम्ही दोघं एकाच वर्षी रिटायर झालो. अंबाजोगाईत आमची घरंही एकाच गल्लीत. त्यांचे यजमान भास्करराव टॅक्सी चालवायचे, स्वतःची पांढरी अँबॅसेडर. परळी, सिरसाळा, घाटनांदूरचं स्टेशन, लग्नाची वऱ्हाडं, अडलेल्या बाळंतिणी. गडी इतका बोलका की रस्त्यावर कुणाला जयभीम घालताना तोंडानं घालायचा आणि वर हॉर्नही वाजवायचा. पुढं नव्या गाड्या आल्या, अँबॅसेडर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली आणि भास्करराव दुसऱ्याची जीप चालवायला लागले. मग एका सकाळी चहाचा कप त्यांच्या डाव्या हातातून सुटला आणि डावं अंग लुळं पडलं.

डॉक्टरांनी जीव वाचवला आणि सांगितलं की आता व्यायामच औषध. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात आणा. जितका उशीर कराल तितका हात आखडत जाईल. पहिल्या वेळी रिक्षा आणली. दोघांनी धरून, उचलून त्यांना आत कोंबलं. गल्ली बघत होती. मीही बघत होतो, खोटं कशाला बोलू. घरी आल्यावर ते भिंतीकडं तोंड करून पडले आणि पुन्हा म्हणून उंबरा ओलांडला नाही. "मला पोत्यावानी भरू नका," एवढंच म्हणायचे. मॅडमनी हात जोडून बघितलं, नांदेडच्या मुलीनं फोनवर रडून बघितलं. मी समजवायला गेलो तर मला भिंतीकडूनच उत्तर मिळालं. शेवटी एक दिवस वैतागून ते मॅडमना म्हणाले, "माझी गाडी असती तर बसलो असतो. जा आता."

त्यांनी विषय मिटवायला म्हटलं होतं. मॅडमनी ते गृहपाठासारखं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्या माझ्या दारात उभ्या. गळ्यात टेप.

"सर, इंजिन तुमी बघा. आतलं मी बघते."

शेडमध्ये जाऊन बघितलं आणि मला घाम फुटला. चाकं बसलेली, उंदरांचा संसार मागच्या सीटमध्ये. पण सगळ्यात वाईट हाल दारांचे झाले होते. अँबॅसेडरच्या दाराला आतून एक हार्डबोर्डचं पॅनेल असतं, त्यावर पातळ फोम आणि वर रेक्झिन. चारही दारांचे बोर्ड ओल खाऊन फुगले होते, रेक्झिन सालासारखं लोंबत होतं आणि हात लावला की पापुद्रे पडत होते. इंजिनाचं फार सांगत नाही, कारण ते माझं काम होतं आणि मी ते चोख केलं. महिन्याभरात गाडी सुरू झाली. शेडमधून पहिल्यांदा आवाज निघाला तेव्हा मॅडम धावत घरात गेल्या, भास्कररावांचं तोंड बघायला. तोंड भिंतीकडंच होतं. पण भिंतीला सांगितल्यासारखे ते म्हणाले, "टॅपेट वाजायलेत."

इंजिनाचे टॅपेट खरंच वाजत होते. मी गुपचूप जाऊन नीट केले.

"आता काय अडलंय?" मी मॅडमना म्हणालो. "गाडी चालते. दारांवर चादरी टाका आणि न्या त्यांना."

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. त्या नजरेनं मी पुन्हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी झालो. "सर, बाहेरून गाडी लोकांला दिसती. ह्यांनी ती वीस वर्षं आतून बघितलीय. भंगारात बसल्यावानी वाटलं ना, तर एका मिनटात उतरतील आन् परत कदीच बसायचे न्हाईत. मला एकच डाव हाय."

हे मला तेव्हा पटलं. एकच डाव होता, आणि तिकडं हात दिवसेंदिवस आखडत होता.

पॅनेल काढायचा पहिला मान मी घेतला, आणि तिथंच माझं हसं झालं. बोर्डाच्या मागं पत्र्याच्या क्लिपा असतात, त्या दाराच्या भोकांत बसवलेल्या असतात. मी मोठा स्क्रू ड्रायव्हर घातला, जोर लावला आणि क्लिप जागेवरच राहून बोर्डाचा कोपरा हातात आला. तीस वर्षं पोरांना मोटारी शिकवलेला माणूस मी. मॅडम स्वयंपाकघरात गेल्या आणि पातळ पात्याचं उलथनं घेऊन आल्या. ते बोर्डामागं अलगद सरकवलं, बोटानं चाचपत प्रत्येक क्लिपेच्या अगदी शेजारी नेलं आणि एकेक क्लिप टक् टक् करत सोडवली. "बटन काढताना कापड वढत न्हाईत, सर," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून मी फक्त बोर्ड धरायला होतो. भाकरी मात्र त्यांच्याकडं बरेच दिवस हातानं उलटावी लागली, कारण उलथनं शेडमध्येच राहिलं.

जुना बोर्ड कागदावर ठेवून त्यांनी नमुना काढला, नवे बोर्ड कापून घेतले आणि मग रंगावर येऊन अडल्या. रेक्झिन मूळचं मरून, पण उन्हानं ते पार विटकरी झालेलं. मी म्हणालो, मरून म्हणजे मरून, कुठलाही आणा. त्यांनी जुन्या पॅनेलची कड उलटी केली. बोर्डाच्या मागं दुमडलेली दोन बोटांची पट्टी होती, तिला कधी ऊन लागलंच नव्हतं. ती गाडी नवी असतानाच्या रंगाची होती. तेवढा तुकडा कापून, पर्समध्ये घालून मॅडम एसटीनं बीडला गेल्या आणि संध्याकाळी उशिरा परतल्या. सहा दुकानं फिरल्या होत्या. सहाव्या दुकानदारानं माळ्यावरून तसला शेवटचा तुकडा काढून दिला आणि सांगितलं, हा रंग आता येत नाही. चार दारांना नेमका पुरेल एवढाच होता. मॅडमना त्याची फिकीर नव्हती. त्यांच्या कटिंगमध्ये चिंधीसुद्धा उरायची नाही, हा त्यांचा जुना अभिमान.

काम सुरू झालं. रेक्झिन मशीनच्या पावलाखाली चिकटायचं, तर त्यांनी त्यावर पावडर मारली. सगळ्या घराला लहान बाळाचा वास यायला लागला. तीन दारं त्यांनी झपाट्यानं उरकली. सकाळी मी त्यांना मैदानावर गाडी शिकवायचो. तिथंही शिलाई मशीन आडवं आलं. अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे त्यांना पायमशीनचं पायडल वाटायचं, एकदा टाच, एकदा चवडा. गाडी मैदानभर बेडकासारखी उड्या मारायची आणि क्रिकेट खेळणारी पोरं स्टंप उचलून पळायची. मी बाजूला बसून देवाचं नाव घ्यायचो. मॅडम शांतपणे म्हणायच्या, "थांबा सर, आजून कच्चा टाका चाललाय." तरी पहिल्या खेपेला लायसन्स काढलं, हे सांगायलाच पाहिजे.

आता राहिलं होतं एकच दार, पुढचं डाव्या बाजूचं. ते त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. बाकीची तीन त्यांनी खडूची रेघ मारून थेट मशीनवर मारली होती. हे दार मात्र मनासारखं करायचं होतं. दाराच्या रेक्झिनवर उभ्या पट्ट्या असतात, आत फोम घालून शिवलेल्या. त्या सरळ याव्यात म्हणून मॅडमनी आयुष्यभर जे शिकवलं तेच केलं. आधी कच्चा टाका घातला, वरपासून खालपर्यंत, हातानं. बघितलं, एक पट्टी सुतभर वाकडी वाटली. उसवली. पुन्हा घातली. मग मशीन मारली, कच्चा दोरा काढला आणि रेक्झिन गच्चीवर उन्हात ठेवलं, म्हणजे मऊ होऊन बोर्डावर नीट ताणलं जावं.

मी जिना चढून गेलो तेव्हा त्या रेक्झिन हातात धरून उभ्या होत्या. उन्हानं ते ताणलं गेलं होतं आणि कच्च्या टाक्याचं प्रत्येक भोक उघडलं होतं. उसवलेल्या ओळीची भोकं, दुसऱ्या ओळीची भोकं. पलीकडचं आभाळ दिसत होतं त्यातून.

"कापड असतं तर धुतल्यावर मिटली असती भोकं," त्या म्हणाल्या. "ह्याच्यात सुई गेली की गेली. मला कळाया पायजे होतं."

रेक्झिन संपलेलं. चिंधीसुद्धा उरली नव्हती. मी म्हणालो, दुसऱ्या रंगाचं लावू. त्यांनी मान हलवली आणि पायरीवर बसल्या. मी त्यांना कधी असं बसलेलं बघितलं नव्हतं. "आख्खी जिंदगी पोरींला उसव उसव म्हणलं, सर. आन् ज्या दारावर जीव लावला तेच नासवलं." मला फार वाईट वाटलं. मी नुसता त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो.

थोड्या वेळानं त्या उठल्या, ते रेक्झिन घेतलं आणि सरळ खाली भास्कररावांच्या खाटेपाशी गेल्या. मी मागोमाग.

"अवो, तुमच्या बाजूचं दार मी नासवलंय."

भास्करराव सावकाश वळले. "दाखव." उजव्या हाताच्या अंगठ्यानं भोकं दाबून बघितली. "ब्लाऊज शिवलास काय गं गाडीला?" मला हसू फुटलं. किती महिन्यांनी तो माणूस थट्टा करत होता. "आन् ही काय माझी बाजू हाय व्हय? ही डावी. इथं पॅसेंजर बसतोय. माझी उजवी. ती झाली न्हवं नीट?"

मॅडम म्हणाल्या, "आता तुमची बाजू हीच हाय."

हे घरात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. डॉक्टर नाही, मुलगी नाही, मी तर नाहीच. भास्करराव बायकोकडं बघत राहिले. "आन् चालवणार कोण?"

"मी."

ते परत भिंतीकडं वळले. मॅडम बाहेर आल्या. "गेलं सर," त्या म्हणाल्या. "माझ्याच तोंडानं गेलं." मलाही तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावणं आलं, आणि ते भास्कररावांचं होतं. ते खाटेवर उठून बसले होते, पाठीला दोन उशा. समोर जमिनीवर डाव्या दाराचा बोर्ड आणि ते भोकाचं रेक्झिन. "सर, हिला सांगा. भोकांच्या रेघा दोन हायत. दोन्हीवरून काळी पट्टी मारायची. जुन्या गाड्यांला असायची तसली. मुद्दाम केल्यावानी दिसंल."

"काळं रेक्झिन कुठं हाय?" मॅडम म्हणाल्या.

भास्कररावांनी हनुवटीनं कोपऱ्याकडं दाखवलं. तिथं मॅडमचं शिलाई मशीन होतं, काळ्या रेक्झिनचं कव्हर घातलेलं, त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनचं. मॅडम उठून तिथं गेल्या. कव्हर काढलं, झटकलं आणि कात्री घातली.

पट्ट्या बसल्या आणि खरंच, दार आधीपेक्षा देखणं दिसायला लागलं. मग चिकटवायची वेळ आली. रेक्झिन ताणून, बोर्डामागं दुमडून, सोल्यूशन वाळेपर्यंत दाबून धरावं लागतं. मी एक कड धरली, मॅडमनी दुसरी, भास्कररावांनी खाटेवरून वाकून उजव्या हातानं तिसरी. चौथी सुटायला लागली. मॅडमनी त्यांचा डावा हात मनगटाला धरून उचलला आणि त्या कडेवर ठेवला.

"तो कामाचा न्हाई," भास्करराव म्हणाले.

"हालत न्हाई म्हणता ना? मग ऱ्हाऊ द्या. हालणारा हात इथं चालतच न्हाई. वजन पायजे."

अर्धा तास आम्ही तिघं तसेच बसलो होतो. भास्करराव त्या हाताकडं बघत होते. किती दिवसांनी त्यांनी तो नीट बघितला असेल, कुणास ठाऊक. सोल्यूशन वाळल्यावर मॅडमनी कड तपासली, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "ही बाजू सगळ्यात चांगली बसलीय." वर्गात कुणाला असं म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

रविवारी भास्करराव काठी टेकत बाहेर आले. आम्ही धरायला गेलो तर काठी आमच्यावरच उगारली. दहा मिनिटं लागली त्यांना गाडीपाशी जायला, आणि सगळी गल्ली बाहेर उभी होती. ते डाव्या बाजूला बसले, दार ओढून घेतलं, काळ्या पट्टीवरून बोट फिरवलं. मॅडम स्टिअरिंग धरून बसल्या होत्या. भास्करराव समोर बघून म्हणाले, "गिअर टाक. दवाखाना बंद व्हायच्या आत पोचायचं का न्हाई?" तो रविवार होता, दवाखाना बंदच होता. पण हे त्यांना सांगायची आमची कुणाची छाती झाली नाही. मॅडमनी त्यांना परळीच्या रस्त्यानं फिरवून आणलं. सोमवारपासून मात्र आठवड्याला तीन खेपा सुरू झाल्या, त्या चुकल्या नाहीत.

मला पुढं मुलाकडं पुण्याला जायचं ठरलं. निघालो त्या सकाळी बॅग घेऊन मी चौकात रिक्षाची वाट बघत होतो, आणि अँबॅसेडर समोर येऊन थांबली. मॅडम खाली उशी घेऊन स्टिअरिंगवर, माझ्या बाजूला भास्करराव. त्यांच्या बाजूची काच वर होती. मला वाटलं, काचेतूनच हात करतील. उजवा हात त्यांनी थोडा पुढं आणला आणि परत मांडीवर ठेवला. मग काच हलली. बोटभर खाली आली आणि थांबली. मागं टेम्पोवाला हॉर्न द्यायला लागला.

मॅडमनी जरा वाकून हँडल फिरवलं असतं तर दोन सेकंदांचं काम. त्या वाकल्या नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. काच आणखी चार बोटं आली. आतलं हँडल हातातून निसटल्याचा आवाज झाला, मग पुन्हा पकडल्याचा. टेम्पोवाला तणतणत उतरून आला, आत बघितलं आणि तिथंच उभा राहिला. काच पार खाली गेली. भास्कररावांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी डावं कोपर दारावर टेकलं आणि मला म्हणाले, "सर, जरा मागं सरका. बाई चालवायलीय."

मी मागं सरकलो. मॅडमचे डोळे वाहत होते, पण हात मोकळे नव्हते. त्यांनी ते तसेच वाहू दिले आणि गाडी दवाखान्याकडं वळवली.